खोली दादाला, पेटी तुम्हाला

‘ताई, मी ४१ वर्षांची. कांदिवलीला आमचा वन बीएचके आहे, कार्पेट ३८० चौरस फूट. मी, नवरा आणि नववीतला मुलगा. लॉकडाऊनमध्ये घरात बसून बसून वस्तूंचा उबग आला आणि मी मिनिमलिझम मनावर घेतला. शोकेस काढली, कपडे मोजके ठेवले, एक वस्तू घरात आली तर एक बाहेर जाणार असा नियमच केला. चार वर्षं फार बरं वाटलं. गेल्या आषाढात आई गेली. बाबा २०११ सालीच गेले होते. आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि खोली रिकामी करायला महिना मिळाला. भाडेपावती दादाच्या नावावर झाली. मी ना-हरकतीवर सही केली, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. दादा बिल्डर देतो त्या भाड्यावर ठाण्याला राहायला गेलाय. पोटमाळा खाली केला तेव्हा तो म्हणाला, “माझ्याकडे जागा नाही, तूच ने सगळं. तुझाच जीव होता आईवर.”

टेम्पो करून आणलं. पत्र्याची मोठी पेटी, तिच्यात आईची पैठणी, रोजच्या सुती साड्या, आजीची दोन लुगडी. पितळेची आणि स्टीलची मिळून चौदा भांडी. दोन अल्बम. बाबांच्या भजनी मंडळाच्या पाच कॅसेट. बाबांचे गिरणीचे कागद. पत्रांचा गठ्ठा, माझी प्रगतिपुस्तकं, शिवणयंत्र. पेटी बाल्कनीत आहे, तिच्यातलं सगळं मुलाच्या बेडच्या बॉक्समध्ये कोंबलंय, झाकण बसत नाही. नवरा चिडवतो, “काय, संपला का मिनिमलिझम?” आणि एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. आवरण्याच्या भरात आईचं मोदकपात्र मी भंगारवाल्याला वजनावर दिलं. परवा मावशीचा फोन आला, या गणपतीला मोदकपात्र देशील का म्हणून. तेव्हापासून रात्री जाग येते. ठेवलं तर मी ढोंगी, टाकलं तर कृतघ्न. काय करू?

– आवरता आवरेना, कांदिवली’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वस्तूंची यादी दिसली आणि मनातल्या मनात मी उत्तरही लिहून टाकलं: हे ठेवा, ते द्या, याचा फोटो काढा. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी थांबले. ‘त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.’ वस्तू आवरण्याबद्दलच्या पत्रात भाडेपावतीचं काय काम होतं? ज्याबद्दल खरंच काही म्हणणं नसतं ते माणूस लिहायला विसरतो. तुम्ही विसरला नाहीत.

खोली दादाला गेली आणि पेटी तुम्हाला आली, असं आहे हे. पागडीच्या, म्हणजे जुन्या कायम भाडेहक्काच्या, खोलीच्या बदल्यात नव्या इमारतीत निदान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, आणि ते लालबागमध्ये. त्याची किंमत तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. ती सही परत घ्या किंवा दादाशी भांडा, असं मी सांगत नाहीये. तुम्ही ती समजून-उमजून केली असेल, दादाने आईचं म्हातारपण काढलं असेल, तो तुमच्या घरातला हिशोब आहे. पण एवढं मात्र बघा, की त्या चाळीतून तुमच्या वाट्याला जे आलं ते सगळं आज एका बेडच्या बॉक्समध्ये आहे. आणि तुम्ही स्वतःला विचारताय की हे टाकवत का नाही. हिस्सा कुणाला टाकवतो?

आपल्याकडे हे सर्रास चालतं. घर मुलाकडे जातं आणि मुलीकडे जातात फोटो, साड्या, देव्हाऱ्यातला एखादा टाक, आणि ‘तुझाच जीव होता’ हे प्रशस्तिपत्रक. कोठी सांभाळायचं काम तिच्याकडे येतं, कोठीची किल्ली मात्र येत नाही. तुमचा दादा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. कदाचित त्यालाही ती पेटी उघडवत नसेल, म्हणूनच त्याने जागेचं कारण पुढे केलं. पुरुषांना ‘जागा नाही’ म्हणणं सोपं जातं.

तेव्हा मिनिमलिझमचा प्रश्न मी आधी बाजूला ठेवते. तुमचा नियम होता, एक आली की एक बाहेर. तो नियम बाजारातून येणाऱ्या वस्तूंसाठी होता. चादर आली, चादर गेली. आई गेल्यावर तिच्या बदल्यात काय बाहेर काढणार होतात?

फार फिरणारा एक सल्ला आहे: आठवण मनात असते, वस्तूत नसते, तर फोटो काढा आणि वस्तू देऊन टाका. मला तो अर्धाच पटतो. बक्षिसाच्या ढालीला तो चालतो, शाळेतल्या हस्तकलेला चालतो. पण मनातली आठवण आपण हाक मारली की येतेच असं नाही, आणि वस्तू हातात आली की न बोलावता येते. आईच्या साडीचा वास फोटोत येत नाही. पितळेची परात उचलताना मनगटावर पडणारा भारही येत नाही.

उलट बाजूही मला माहीत आहे. २००५ साली आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आमच्या घरात कमरेच्या वर पाणी. आईबाबांची लग्नाआधीची पत्रं मी जिवापाड जपली होती, एका सुटकेसमध्ये, कॉटखाली. दोन दिवसांनी सुटकेस उघडली तर आईची सगळी पत्रं म्हणजे निळं पाणी झालेलं. ती शाईच्या पेनाने लिहायची, वळणदार. बाबा बॉलपेनने लिहायचे, आणि त्यांची पत्रं मात्र ओली होऊनही जशीच्या तशी वाचता येत होती. पत्रं कसली, ‘पोचलो, हवा ठीक, खालील रकमेची मनिऑर्डर केली आहे’ असला मजकूर. प्रेमपत्रं वाहून गेली आणि पावत्या उरल्या. त्याचं मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

वाचलं आणखी एक. भिंतीवरच्या खिळ्यावर कालनिर्णय होतं, पाण्याच्या वर. त्यात ६ मेच्या चौकोनात आईच्या अक्षरात ‘गॅस लावला’ आणि १३ जूनच्या चौकोनात पुन्हा ‘गॅस लावला’. मधे ३८ दिवस. तो सिलिंडर ३८ दिवस पुरवायचा म्हणून ती दुपारचा चहा आणि रात्रीचं दूध एकाच वेळी कसं तापवायची, डाळ आधी भिजवून का ठेवायची, सगळं मला त्या दोन शब्दांत दिसतं. आई २०१४ मध्ये गेली. तिचे दागिने बहिणीने आणि मी वाटून घेतले. माझ्या वाट्याचं मंगळसूत्र लॉकरमध्ये आहे आणि वर्षभरात मला त्याची एकदाही आठवण होत नाही. ती दोन पानं कपाटाच्या दाराला आतून लावलेली आहेत.

म्हणून कुठली वस्तू बोलेल हे यादीवरून सांगता येत नाही, मलाही नाही आणि तुम्हालाही आत्ता नाही. आई जाऊन जेमतेम वर्ष होतंय. ढोंगी म्हणाल तर, गांधीजींच्या मोजक्या वस्तूंचा तो प्रसिद्ध फोटो कधी बघितलाय? चष्मा, चपला, घड्याळ, जेवणाची भांडी. आणि त्यातच तीन माकडांची छोटी मूर्ती. अपरिग्रहाचं व्रत घेतलेल्या माणसालाही ती टाकावीशी वाटली नाही. तुमच्या नवऱ्याला हे सांगा हवं तर, मला वाटतं तो त्याने गप्प बसणार नाही, पण सांगा.

आता पेटी. सगळ्यात आधी, आज रात्रीच, बाबांचे गिरणीचे कागद बाहेर काढा.

तुम्ही ते ‘आठवणी’ म्हणून यादीत घातलेत, पैठणी आणि प्रगतिपुस्तकांच्या मधे. ते तसे नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे काय झालं हे लालबागच्या मुलीला मी सांगायला नको. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्या गिरणी कामगारांसाठी म्हाडाची घरांची योजना आहे, आणि कामगार हयात नसेल तर त्याच्या वारसांसाठी. तिथे पुरावा म्हणून असलेच कागद मागतात: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, हजेरीचा पास, ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी. बाबांनी किंवा आईने कधीतरी अर्ज भरलाही असेल. भरला असेल तर त्याची पोचपावती बहुतेक त्याच गठ्ठ्यात असेल, पत्रिका आणि रेशनकार्डाच्या मधे. दादाला विचारा अर्ज झाला होता का, आणि झाला असेल तर कुणाच्या नावावर आहे. हिंदू वारसा कायद्यात मुलगी ही मुलाइतकीच पहिल्या वर्गातली वारस आहे, लग्न झालेली असली तरी. पुढे कधी सही मागितली गेली तर निदान काय वाचून सही करताय ते ठाऊक असू दे.

हे कागद लॅमिनेट करू नका. पुष्कळ जण चांगल्या हेतूने करतात आणि कागद कायमचा प्लास्टिकमध्ये अडकतो. उष्णतेने जुनी शाई उडते ती वेगळीच. गंजलेल्या टाचण्या काढा, सपाट करा, साध्या कागदी फोल्डरमध्ये घाला, मोबाइलवर स्कॅन करा. मूळ कागद लोखंडी कपाटात, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटशेजारी.

बेडचा बॉक्स तर ताबडतोब रिकामा करा. मुंबईतली ही सर्वांत वाईट जागा. बाहेरच्या भिंतीला चिकटलेला पलंग, खाली हवा नाही, जून ते सप्टेंबर ओल. रेशमाला बुरशी, कागदाला कसर, फोटो एकमेकांना चिकटलेले, असं सगळं गुपचूप होतं, आणि दिवाळीला उघडल्यावर वासावरून कळतं. शिवाय तो मुलाचा बेड आहे. आजीच्या संसारावर रोज झोपायला त्याला सांगू नये.

भांड्यांकडे या. तुम्ही ‘चौदा भांडी’ लिहिलंत, म्हणजे मोजलीत, पण उलटी करून बघितलीत का? आमच्या पिढीपर्यंत भांडं देताना त्यावर नाव घालून देत. भांड्यांच्या दुकानातच कोपऱ्यात एक माणूस बसायचा, विजेची सुई टर्रर्र करत ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं काढायचा, आणि मागे कुणीतरी ओरडायचं, “अहो, ‘सौ.’ राहिलं!” ‘मामाकडून’, ‘बारशानिमित्त’, ‘चाळीतील मित्रमंडळ’, खाली तारीख. आमच्या घरी एक तांब्या होता, ‘आत्याकडून, ७-५-७३’. आत्या चार. चौघींनीही तो आपणच दिला असं शेवटपर्यंत सांगितलं, आणि त्यातल्या दोघी एकमेकींशी त्या तांब्यावरून एक आख्खी दिवाळी बोलल्या नाहीत.

तर एका दुपारी चौदाही भांडी ओट्यावर उलटी मांडा. पातळ कागद नावावर धरून पेन्सिल आडवी करून घासा; ठिपके कागदावर उमटतात, फोटोपेक्षा स्वच्छ. लहानपणी नाण्यांवर केलं असेल. मुलाला घ्या मदतीला, त्याचा हात तुमच्यापेक्षा हलका असेल, आणि कोण मामा, कुठलं मित्रमंडळ हे तो विचारेलच. चौदा चिठ्ठ्या एका पाकिटात मावतात. मग भांडी माहेरी धाडा. म्हणजे ज्याने दिलं त्याच्या घरी. मामाने दिलेली कळशी मामेभावाच्या घरी गेली तर तो ती बिनकामाची भेट समजणार नाही, वडिलांचं नाव वाचून दारातच उभा राहील. जी घ्यायला कुणी नसेल ती मोडीत द्या, वाईट वाटून घेऊ नका. नावाची चिठ्ठी आहे तुमच्याकडे.

दोन ठेवा, फार तर तीन, आणि ती शोभेला नकोत. परातीत कणीक मळा. तांब्यात पाणी भरा. पितळेचं पातेलं वापरायचं असेल तर आधी कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी, चिंच-कोकमाचं काही ठेवू नये, कळकतं आणि पोटालाही वाईट. लालबाग-परळकडे अजून एखादा कल्हईवाला फिरतो, तुमच्या जुन्या शेजाऱ्यांना विचारा.

कॅसेटबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

पाच कॅसेट म्हणजे सगळ्या मिळून चपलेच्या खोक्याच्याही अर्ध्या. जागेचा प्रश्नच नाही. पण चुंबकीय फीत आहे ती, आणि पस्तीस-चाळीस वर्षं लालबागच्या पोटमाळ्यावर पत्र्याखाली तापली आणि भिजली आहे. शेजाऱ्याकडचा जुना टेपरेकॉर्डर आणून हौसेने लावू नका. आधी उजेडात धरून बघा, फितीच्या कडेला पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी. मधला स्पंजाचा इवलासा तुकडा निघून पडला असेल तर आवाज नीट येणार नाही. आत पेन्सिल घालून हलकेच फिरवा. अडकत असेल तर सोडा आणि कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या माणसाकडे द्या. शहरात असे लोक आहेत, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट उतरवून देणारेच बहुधा हेही करतात. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात, म्हणून कुणी दहा मिनिटांत करून देतो म्हणाला तर शंका घ्या. एमपीथ्रीबरोबर मोठी फाइलही मागा, वेव्ह म्हणतात ती; एका कॅसेटची साधारण ९०० एमबी होईल. दोन ठिकाणी ठेवा, एक तुमच्याकडे, एक दादाकडे.

आणि दादाकडे पाठवून मोकळ्या होऊ नका. त्याला एका रविवारी बोलवा. ठाण्याहून कांदिवली काही परगाव नाही, घोडबंदरवर अडकला तरी दीड तासात येईल. त्या कॅसेटमध्ये मंडळाची वीस माणसं एकदम गात असतील, पखवाज, टाळ, मधेच कुणाचं खोकणं, बाहेर बेस्टची बस. त्या गलबल्यात बाबांचा आवाज कुठला हे ओळखणारी माणसं आता जगात दोनच उरली आहेत. तुमच्या नवऱ्याला नाही कळणार, मुलाला नाही कळणार. दादा म्हणेल, “हे बघ, इथे, वरच्या सुरात गेले ते बाबा,” किंवा तुम्ही म्हणाल आणि तो नाही म्हणेल, हे तर अमक्या काकांचं. तो वाद घालायला दुसरं माणूस कुठून आणाल?

त्या दिवशी पेटी मधे ठेवा आणि वाटणी करा. त्याला जागा नाही हे मला मान्य नाही. पिशवीभर जागा सगळ्यांकडे असते. एक अल्बम त्याचा, एक तुमचा. फोटो आधी स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, आणि व्हॉट्सअॅपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर तो आक्रसून टाकतो. चिकट पानांचा अल्बम असेल, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेला, तर फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा दोरा खालून हळूहळू फिरवा. मागे नावं लिहा, मऊ पेन्सिलने. मावशी आहे तोवर लिहा, कारण मागे तिसऱ्या रांगेत उभी असलेली ती चष्म्याची बाई कोण हे तिलाच माहीत आहे.

बाकीचं भराभर.

प्रगतिपुस्तकं: दोन ठेवा, ज्यावर बाबांची सही चांगली आली आहे ती. बाकी रद्दीत. सहावीत गणितात किती होते हे आता कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तर खोटं सांगा.

शिवणयंत्र: तुम्ही शिवता का? शिवत असाल तर तेल घाला आणि शिवा. नसाल तर ज्या बाईचं पोट त्यावर चालेल तिला द्या. हत्यार नुसतं उभं राहिलं की मुंबईच्या हवेत सहा महिन्यांत जाम होतं. आईची आठवण म्हणून गंजवत ठेवलेलं शिवणयंत्र तिला स्वतःला आवडलं असतं असं मला वाटत नाही.

सुती साड्या आणि आजीची लुगडी: गोधडी करा. एकावर एक थर घालून हाताने धावदोरा घालणाऱ्या बायका अजून मिळतात, गावाकडे तर हमखास. आठ साड्यांची एक गोधडी होते, ती जानेवारीतल्या दोन-चार थंड रात्री पांघरता येते, आणि बेडवर असते, बेडखाली नाही. पैठणीला कात्री लावू नका. तिच्या पर्स आणि पडदे केलेले मी बघितलेत आणि माझा जीव कळवळलाय. प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, धुतलेल्या जुन्या मलमलमध्ये गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला, नाहीतर जरीचे धागे घडीवरच तुटतात. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. आणि नेसा हो. मुलाचं लग्न व्हायला अजून पंधरा वर्षं आहेत, तोवर वाट बघू नका, या दसऱ्याला नेसा.

पत्रांचा गठ्ठा: तुमच्यासाठी असतील तर वाचा. आईबाबांची एकमेकांना असतील तर वाचायची की नाही हे मी सांगणार नाही. मी माझी वाचली होती, म्हणून मला माहीत आहे काय वाहून गेलं. कधीकधी वाटतं, वाचली नसती तर कमी लागलं असतं. काहीही करा, जमिनीपासून वर ठेवा.

आता मोदकपात्र.

ते गेलं. चोर बाजारात शोधायला जाऊ नका, तुमच्यासारख्या दोन बाया मला माहीत आहेत ज्या गेल्या होत्या. भंगारात वजनावर गेलेलं भांडं दुकानात मांडायला जात नाही, ते भट्टीत जातं. तुम्ही दिलंत तेव्हा आई जाऊन किती दिवस झाले होते, पोटमाळ्यावरून एकेक वस्तू खाली देणारा हात कुणाचा होता, हे तुम्ही मला लिहिलेलं नाही. पण रिकामी होत असलेली खोली मी बघितली आहे. तिसऱ्या दिवसापासून डोळ्यांना भांडं दिसत नाही, ओझं दिसतं. त्या भरात एक चुकीचं गेलं. एकच ना? पंधरांतलं एक.

मावशीला खरं सांगा. ‘सापडत नाहीये’ म्हणू नका, कारण मग ती दरवर्षी गणपतीत विचारेल आणि तुम्ही दरवर्षी तेच खोटं नव्याने बोलाल. सरळ सांगा: मावशी, आवरताना माझ्याकडून भंगारात गेलं, मला फार लागलंय. ती दोन वाक्यं रागावेल. बहीण गेलीये तिची, तिला रागावायला काहीतरी हवंच आहे. मग तिलाच बोलवा चतुर्थीच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे. मोठ्या पातेल्यात पाणी, वर चाळणी, चाळणीवर हळदीची पानं, त्यावर मोदक, वर घट्ट झाकण. मोदकपात्र यायच्या आधी आईची आई असेच उकडायची, विचारा मावशीला. पाणी चाळणीला लागता कामा नये एवढं बघा, आणि पारीच्या पाकळ्या तिला घालू द्या. तुमच्या हातच्या बघून ती काय म्हणेल ते ऐकायलाच ती येणार आहे.

नवऱ्याच्या चिडवण्याबद्दल काही लिहीत नाही. त्याची क्रिकेटची जुनी बॅट कुठे ठेवली आहे ते एकदा प्रेमाने विचारा.

राहिली पेटी स्वतः. ती तुम्ही बाल्कनीत ठेवलीत, म्हणजे पत्र्याला पावसाळ्यापर्यंतची मुदत दिलीत. सगळं वाटून झाल्यावर जे उरेल ते तिच्यातच मावेल, मला खात्री आहे, आणि मावलं नाही तर पुन्हा एकदा काढा. आत घ्या, खाली दोन विटा, वर जुनी चादर, मुलाला बूट घालायला बसायला होईल. आमच्या आयांच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत पेटीवर पाहुणा बसायचाच.

तिचा तळ मात्र नीट बघा. तळाला वर्तमानपत्र घातलेलं असेल, आईनेच कधीतरी. पुसायच्या नादात ओढून काढू नका. गिरणीचे कागद कमी भरले तर ते बहुतेक त्याच्या खाली असतील. आणि वरची तारीख वाचा, कुठल्या साली तिने शेवटची ही पेटी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली ते कळेल. मला कळवा.